जुन्या मोटारसायकलीच्या ब्रेकात कोणते ऑइल घालावे?

शेतकऱ्याच्या हातास तेलाची सवय पिढीजात आहे. बैलगाडीच्या आसास वंगण, विहिरीवरील मोटेच्या चाकास तेल, कडबाकुट्टीच्या दात्यांस तेल, आणि इंजिन, पंप व ट्रॅक्टर आल्यापासून त्यांस निरनिराळ्या नंबरांची तेले; जे फिरते त्यास तेल द्यावे, हा आपला सरळ नियम. हा नियम चांगला आहे व त्याच्या जोरावर पुष्कळ यंत्रे वर्षानुवर्षे चालली आहेत. परंतु मोटारसायकलीत एक जागा अशी आहे की, तेथे तेल घातले असता यंत्र बिघडते, आणि तेही बसणाऱ्याच्या जिवावर बेतेल अशा रीतीने. ती जागा म्हणजे हँडलवर उजव्या बाजूस, पुढील ब्रेकच्या लिव्हरपाशी असलेली लहानशी डबी होय.

तीत घालावयाच्या द्रवास बाजारात सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. आम्हीही या लेखात तेच नाव वापरणार आहो, कारण दुकानात दुसरे नाव घेतल्यास देणाऱ्यास ते कळणार नाही. मात्र ते तेल नव्हे, ही गोष्ट वाचकांनी प्रथमपासूनच ध्यानात ठेवावी. बहुतेक सारा घोटाळा या एका नावाने झाला आहे.

आता, सर्वच जुन्या गाड्यांस हे ऑइल लागते असे नाही. किंबहुना परभणी जिल्ह्यात ज्या गाड्यांनी खेडोपाडी दूध, बियाणे, खत आणि पाहुणे वाहिले, त्यांपैकी बहुतेकांस ते लागतच नाही. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५, जुनी बुलेट, येझदी, १९८५ साली निघालेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ सालची स्प्लेंडर, या साऱ्या ड्रमच्या ब्रेकांच्या. राजदूत ३५० ज्या जपानी गाडीवरून घेतली तिला पुढील चाकास डिस्क होती. पण १९८३ साली ती आपल्याकडे निघू लागली तेव्हा तिला ड्रमच बसविण्यात आला. ड्रमच्या ब्रेकात सळई किंवा केबल ओढली जाते, तिने आतील कॅम फिरतो, दोन्ही शू पसरतात आणि त्यांवरील लायनर ड्रमच्या आतल्या अंगास घासतात. येथे द्रवाचे काम नाही. पायाचा ब्रेक दाबताना पहिले दोन-तीन सेंटिमीटर तो मोकळा जावा, एवढा सळईवरील नट फिरवून ठेवावा. लायनर झिजले की बदलावे. आणि ड्रमच्या आत तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर ओला ड्रम धरत नाही, तेव्हा थोडे अंतर हलकासा ब्रेक दाबून हळू चालवावे म्हणजे तो सुकतो. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांस पुढील मजकूर केवळ माहितीकरिता.

ज्यांस तो कामाचा आहे त्यांच्या गाड्या अलीकडच्या. १९९९ साली हिरो होंडाची सीबीझेड आली व तिच्या पुढच्या चाकावरील चकचकीत तबकडी तरुणांच्या डोळ्यांत भरली. २००१ साली बजाजची पल्सर आली आणि त्यानंतर डिस्कचा ब्रेक हळूहळू तालुक्याच्या गावांतून खेड्यांत पोचला. पुढे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरील सर्व नव्या दुचाकींस एबीएस सक्तीचे झाले, तेव्हा त्या वर्गात डिस्कवाचून गाडी उरली नाही. त्या पहिल्या डिस्कवाल्या गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या असून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे नांदत आहेत. गाडीबरोबर आलेले पुस्तक केव्हाच गहाळ झालेले असते, आणि डबीत काय भरले आहे हे नव्या मालकास ठाऊक नसते. आमचेही तसेच झाले.

आमच्या घरी अशीच एक जुनी गाडी आहे. एका उन्हाळ्यात डबीच्या काचेत ऑइल कमी दिसू लागले, म्हणून रस्त्यावरच्या एका कारागिराकडे गाडी नेली. त्याने फळीवरच्या कॅनमधून काहीतरी ओतले, झाकण लावले आणि पैसेही घेतले नाहीत. आम्ही त्याचे आभार मानून परतलो. आठवडाभरात लिव्हर दगडासारखे कठीण होऊ लागले. ब्रेक उत्तम धरतो आहे, असे आम्हांस वाटले. पुढे १८ मे रोजी परभणीस कृषि विद्यापीठाचा खरीप मेळावा होता. तेथून तुरीच्या बियाण्याच्या पिशव्या घेऊन आम्ही दोघे भर दुपारी गंगाखेडकडे निघालो. गाडी ओढेना, वाटले, क्लचप्लेट गेल्या असतील. पोखर्णीच्या अलीकडे रस्त्यात म्हैस आडवी आली आणि ब्रेक दाबला, तो लिव्हर सरळ मुठीस जाऊन टेकले! पुढचे चाक थांबण्याचे नाव घेईना. पायाचा ब्रेक ड्रमचा होता, त्याने वाचलो. म्हशीलाही काही झाले नाही. उतरून पाहिले तर डिस्क इतकी तापलेली की तिच्यावर टाकलेले पाणी चर्रकन उडून गेले. त्या डबीत इंजिनाचे तेल ओतले होते, हे नंतर उघडे पडले. कारागिरावर आम्ही सारा दोष ठेवीत नाही, कारण ‘ऑइल टाका’ असे आम्हीच म्हणालो होतो.

असे का व्हावे, हे समजण्यास ब्रेकची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. लिव्हर दाबले की डबीखालील मास्टर सिलिंडरमधला लहान दट्ट्या पुढे सरकतो व नळीतील द्रव दाबतो. द्रव दाबून आकसत नाही आणि आपल्यावरील दाब सर्व बाजूंस सारखा पोचवितो. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला हा नियम. नळीच्या दुसऱ्या टोकास कॅलिपरमध्ये मोठा दट्ट्या असतो. लहान दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आणि मोठा ३० मिलिमीटर व्यासाचा धरल्यास मोठ्याचे क्षेत्रफळ सव्वासहा पट भरते, म्हणून जोरही तितक्या पटीने वाढतो आणि पॅड डिस्कला चिमट्याप्रमाणे धरतात. दोन्ही दट्ट्यांभोवती रबरी वायसर असतात. त्यांच्यामुळेच द्रव आतल्या आत राहतो. मास्टर सिलिंडरमध्ये आणखी एक केसाएवढे बारीक छिद्र असते. लिव्हर सोडल्यावर तापून फुगलेला द्रव त्यातून डबीत परत येतो.

हे रबर अशा जातीचे असते की त्यास खनिज तेल सोसत नाही. रॉकेलात पडलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन दिवसांत कसा फुगून लिबलिबीत होतो, ते पुष्कळांनी पाहिले असेल. इंजिनाचे तेल, गिअरचे तेल, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल, डिझेल, यांपैकी काहीही ब्रेकात गेले की वायसरांची हीच गत होते. फुगलेला वायसर ते बारीक छिद्र झाकून टाकतो, द्रवास परतीची वाट राहत नाही, लिव्हर सोडले तरी पॅड डिस्कला धरूनच राहतात. डिस्क तापते, तिच्या तापाने द्रव आणखी फुगतो, पॅड आणखी आवळतात, आणि शेवटी द्रव उकळून त्याची वाफ होते. वाफ दाबली की आकसते. मोटारपंपाने हवा धरली म्हणजे इंजिन फिरत असूनही पाणी येत नाही; तसेच येथे लिव्हर हलते, पण दाब पोचत नाही. म्हशीपुढे आमचे जे झाले ते एवढेच.

एकदा तेल गेल्यावर ते काढून टाकून खरे ऑइल भरल्याने भागत नाही. रबराने ते पिऊन घेतलेले असते. मास्टर सिलिंडरचा किट, कॅलिपरचे वायसर, डबीच्या झाकणाखालील रबरी पडदा आणि नळी, हे सारे बदलून लोखंडी भाग स्वच्छ करावे लागतात. आम्हांस तो खर्च एका लहान बाटलीच्या कितीतरी पट आला.

येथे एक गोष्ट शेतकऱ्यास गंमतीची वाटेल. हे ऑइल आरंभी खरोखरच तेलाचे होते, आणि तेही आपल्या बांधावरच्या एरंडाचे! अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ साली द्रवाच्या ब्रेकचे पेटंट घेतले व १९२१ च्या सुमारास ते ड्यूसेनबर्ग मोटारीत आले. त्या काळचे वायसर नैसर्गिक रबराचे असत आणि एरंडेल त्या रबरास फुगवीत नसे. म्हणून एरंडेलात मद्यार्काच्या जातीचा द्रव मिसळून, ते पातळ करून ब्रेकात भरीत. रशियात तर निम्मे एरंडेल व निम्मे ब्युटेनॉल यांचे तांबडे ऑइल पुढेही कित्येक दशके वापरात होते. याचा अर्थ घरचे एरंडेल आजच्या गाडीत घालावे असा मात्र कोणी घेऊ नये. आजचे रबर वेगळे आहे, आणि निखळ एरंडेल त्या बारीक छिद्रांतून धावण्यास फार दाट आहे.

आजचे ब्रेक ऑइल बहुतांशी ग्लायकॉल ईथर नावाच्या रसायनांचे असते. त्यास ‘डॉट’ ही अक्षरे व पुढे आकडा लावतात. डॉट हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाचे संक्षिप्त रूप असून त्या खात्याने ठरविलेली प्रत त्या आकड्याने कळते. प्रतीत मुख्य पाहावयाचे ते उकळण्याचे मान. डॉट ३ हे नवे असता निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत. डॉट ५ व डॉट ५.१ निदान २६० अंशांपर्यंत. हे आकडे ताज्या, कोरड्या ऑइलाचे. ऑइलात शेकडा ३.७ भाग पाणी मुरल्यावर हेच मान डॉट ३ चे १४०, डॉट ४ चे १५५ आणि उरलेल्या दोहोंचे १८० अंश एवढेच उरले तरी ते प्रतीस उतरते. चार टक्केदेखील नाही इतक्या पाण्याने पाऊणशे अंशांचा फरक पडतो, हे वाचकांनी नीट पाहावे. आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

कारण ग्लायकॉलचे ऑइल पाणी पिते. मृगात युरियाची फोडलेली गोणी तोंड न बांधता ठेवली तर चार दिवसांत युरिया ओलसर होऊन त्याचे ढेकूळ बनते. ती ओल हवेतूनच येते. ब्रेक ऑइलाचा स्वभाव तसाच आहे. झाकणाच्या फटीतून, इतकेच काय पण रबरी नळीच्या अंगातूनही ते हवेतील दमटपणा ओढीत राहते. आपल्या जिल्ह्यात मृगापासून हस्तापर्यंत हवा ओली असते आणि मग वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे एका ऋतूत पाणी प्यावे आणि दुसऱ्या ऋतूत तापावे, असा योग येथे दरसाल येतो. सपाट रानात, परभणी ते मानवत अशा रस्त्याने, ब्रेकवर फारसा ताण पडत नाही हे खरे. परंतु जिंतूरच्या उत्तरेस येलदरीच्या बाजूचे डोंगर किंवा गंगाखेडच्या दक्षिणेस बालाघाटाचे उतार, गाडीवर तिघे जण व पुढे टाकीवर पोते, आणि ब्रेक सारखा दाबून ठेवलेला, अशा वेळी जुने पाणी प्यालेले ऑइल दगा देते. शिवाय पाण्याने आतून दट्ट्यास गंज धरतो तो वेगळाच.

तर निवड कशी करावी? प्रथम डबीचे झाकण पाहावे. त्यावर इंग्रजीत डॉट हा शब्द व आकडा उठविलेला असतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांवर ३ किंवा ४ आढळतो. जेथे ४ असेल तेथे ३ घालू नये. जेथे ३ असेल तेथे ४ चालते. ही दोन्ही एकाच कुळीची असून एकमेकांत मिसळतात. डॉट ५.१ हेही याच कुळीचे आहे. ते घालण्यास सहसा हरकत नसते, पण आपल्या कामास त्याची गरज आम्हांस दिसत नाही. ताजे डॉट ४ हे शिळ्या डॉट ५.१ पेक्षा केव्हाही बरे. जुनी गाडी घेतली असल्यास झाकण मूळचेच आहे की दुसऱ्या गाडीचे आणून बसविले आहे, हीही खात्री करून घ्यावी. शंका असेल तर त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीचे झाकण पाहावे किंवा कंपनीच्या दुकानात विचारावे.

डॉट ५ पासून मात्र दूर राहावे. ५ हा ४ च्या पुढचा आकडा, म्हणजे अधिक चांगला, असे कोणासही वाटेल, आणि ५.१ शी त्याचे नावही जुळते. पण ते सिलिकोनचे असते, बहुधा जांभळ्या रंगाचे. ते ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळत नाही. ते पाणी पीत नाही हे खरे, परंतु आत शिरलेले पाणी मग थेंबाथेंबाने सर्वांत खोल जागी, कॅलिपरपाशी साचते व तेथेच गंज धरतो. हार्ले-डेव्हिडसनच्या कित्येक जुन्या गाड्या याच ऑइलाच्या होत्या. तशांच्याच झाकणावर तो आकडा असतो. आपल्या पल्सर-सीबीझेडकरिता ते नव्हे. हल्ली वस्तू घरबसल्या मागविता येतात, म्हणून हा इशारा.

ज्यांनी जुनी गाडी विकत घेतली आहे त्यांनी एक परीक्षा घरी अवश्य करावी. झाकण काढून, स्वच्छ व कोरड्या सिरिंजने डबीतील थोडे ऑइल ओढावे आणि काचेच्या पेल्यातील पाण्यात थेंब-थेंब टाकून ढवळावे. ग्लायकॉलचे ऑइल पाण्यात विरघळून जाते. तेल असेल तर ते वर तरंगते व त्याचे वलय पसरते. सिलिकोनही विरघळत नाही. वर तरंगताना दिसले की गाडी त्या दिवसापासून उभी करावी आणि रबर बदलल्यावाचून हलवू नये. रंगावरून पारख करण्याचा पुष्कळांचा प्रघात आहे; त्यावर आमचा भरवसा नाही. नवे ऑइल पांढरे किंवा पिवळसर असते व जुने होता होता काळसर होते एवढे खरे, पण पाणी प्यालेले ऑइलही दिसण्यात स्वच्छ राहू शकते.

ऑइल कमी दिसले की ओतावे, ही घाईही बरी नव्हे. पॅड झिजतात तसा मोठा दट्ट्या बाहेर सरकतो व त्याच्या मागे अधिक ऑइल जाऊन राहते, म्हणून डबीतील पातळी उतरते. तेव्हा प्रथम पॅड पाहावे. ते झिजले असतील तर बदलावे. दट्ट्या मागे सारताच पातळी आपोआप वर येते. पॅड चांगले असूनही ऑइल उतरत असेल तर कोठे तरी गळती आहे, ती शोधावी.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, हे काम करावे असे आम्ही सुचवितो. सीलबंद लहान बाटली आणावी. अडीचशे मिलीलिटर एका ब्रेकास पुरून उरते. उघडलेली बाटली पुढील वर्षाकरिता राखून ठेवण्याचा मोह धरू नये, आणि दुकानातील उघड्या कॅनमधून तर मुळीच घेऊ नये. डबीभोवती ओले फडके गुंडाळावे, कारण हे ऑइल रंग खाते. टाकीवर सांडल्यास न पुसता लागलीच भरपूर पाण्याने धुवावे. कॅलिपरवरील निपलास पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे. एकाने लिव्हर दाबून धरावे, दुसऱ्याने पान्याने निपल किंचित सैल करावे, ऑइल वाहताच पुन्हा आवळावे, आणि मगच पहिल्याने लिव्हर सोडावे. हा क्रम चुकला की हवा आत शिरते. असे करीत असता डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. नवे ऑइल घालीत जावे. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेले ऑइल येऊ लागले व लिव्हर घट्ट लागू लागले म्हणजे काम झाले. गाडी उंबऱ्यापाशी ढकलून ब्रेक धरतो की नाही ते पाहिल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये. ज्यांना हा सराव नाही त्यांनी, आणि एबीएसच्या गाडीवाल्यांनी तर निश्चित, हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. मात्र बाटली स्वतः न्यावी आणि सील आपल्यासमोर फोडू द्यावे.

ट्रॅक्टरसंबंधी काही सभासद विचारतील. कित्येक ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असून त्यांस गिअरच्या पेटीचेच तेल लागते, तर काहींस डबीतील डॉटचे ऑइल लागते. म्हणून त्या-त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकाप्रमाणे चालावे व एकाचा कॅन दुसऱ्यास लावू नये. फळीवर दोन्ही शेजारी असतील तर कॅनवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवावे.

ब्रेक ऑइल विषारी आहे व चवीस गोडसर लागते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. मुले आणि गुरे यांच्या आटोक्याबाहेर ठेवावे. काढलेले जुने ऑइल विहिरीजवळ, हौदाशी किंवा बांधावर ओतू नये. जळक्या इंजिन ऑइलातही ते मिसळू नये. वेगळ्या, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजात द्यावे.